हसल्याबद्दल वाळीत

माझे आबा हसले म्हणून गावकीने आमच्या घराला वाळीत टाकलं. हे वाक्य मी आयुष्यभर माणसांना सांगत आले आहे, आणि ऐकणारा प्रत्येक माणूस आधी नीट सावरून बसतो, मग विचारतो, "कुणाला हसले?" जणू योग्य माणसाला हसले असते तर चाललं असतं. मी तेव्हा शाळकरी होते. महाडला मावशीकडे राहून शिकायचे आणि शिमग्याला घरी आले होते, म्हणून हे सगळं याच दोन डोळ्यांनी पाहिलं. आमच्या वाडीचं नाव इथे लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलं माझ्यापेक्षा चांगली भांडतात. उमरठच्या अंगाने डोंगर चढायला लागलात आणि धाप लागून शिव्या सुचायला लागल्या, की वाडी जवळ आली असं समजायचं.

तर ग्रामदेवतेची पालखी घरं घेत घेत आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आली. पुढची दांडी गावकीचे अध्यक्ष भिकूतात्या यांच्या खांद्यावर. तात्या असे करारी, की त्यांच्या दारातला कोंबडा बांग द्यायच्या आधी खाकरून परवानगी मागायचा. दोन्ही हात दांडीला, डोळे मिटलेले, ढोल कडाडतोय, गुलाल इतका की आईला पोर ओळखू येऊ नये. आणि तात्यांच्या धोतराचा सोगा मागच्या गड्याच्या पायाखाली आला. धोतर सुटलं. झटक्यात नव्हे, एखादा पाहुणा सगळ्यांचा निरोप घेत घेत निघावा तसं ते सावकाश खाली उतरलं. आत मुंबईहून आलेली निळ्या पट्ट्यांची चड्डी. ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. अख्खी वाडी एकदम भक्तिभावाने जमिनीकडे बघायला लागली. आणि त्या शांततेत आबा हसले.

आबांचं हसू म्हणजे कशेडी घाटात ब्रेक गेलेला ट्रक. एकदा सुटलं की पोलादपूरचा स्टँड येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडावर उपरणं दाबलं तर ते कानातून बाहेर येईल असं वाटायचं. त्या दिवशी ते खांबाला धरून हसले, मग खांब सोडून हसले, मग खाली बसून जमिनीवर हात आपटत हसले. आई पांढरीफटक पडली होती. मला वाटलं आता देवी कोपणार. देवी काही कोपली नाही, तात्या कोपले.

बैठक बसली. आबांनी देवीपुढे नारळ ठेवावा आणि पुन्हा हसणार नाही असं सांगावं, एवढंच मागणं होतं. आबा म्हणाले, "नारळ कितीबी मागा, देतो. पन हसणार नाय असं देवीम्होरं कसं सांगू? हसू काय विचारून येतं? खोटं बोलणं व्हायचं." या एका उत्तरावर आम्ही वाळीत गेलो. आज त्याविरुद्ध कायदा आहे, असं काही केलं तर पोलीस येतात. तेव्हा आमच्या वाडीत पोलीस यायचा तो फक्त पाणी प्यायला.

वाळीत म्हणजे काय हे न पाहिलेल्या माणसाला वाटतं की कुणी मारतं, दगड फेकतं. तसलं काही होत नाही. काहीच होत नाही, हाच तो प्रकार. आई विहिरीवर गेली की बायका बोलत बोलत थांबायच्या, आपल्या कळशा उचलायच्या आणि आई नसल्यासारख्या निघून जायच्या. मग आई विहिरीवर जायची थांबली, खालच्या ओढ्यावरून पाणी आणायला लागली. कुणाच्या लग्नाची हळद आम्हाला नाही, कुणाच्या मयताची हाक आम्हाला नाही, आणि आमच्याशी जो बोलेल तोही वाळीत. शाळेसाठी मी महाडला ज्या मावशीकडे राहायचे, तिचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. दर मार्चला तिथे माणसांचा समुद्र जमायचा, आणि पाण्याला हात लावण्यासाठी माणसांना काय करावं लागलं तो धडा मला तोंडपाठ होता. पाठच होता फक्त. आई रिकामी कळशी घेऊन विहिरीवरून परत फिरली, तेव्हा त्याचा अर्थ पहिल्यांदा पोटात कळला, आणि आम्हाला जे महिन्या-दोन महिन्यांत असह्य झालं ते इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या कसं सोसलं असेल, या विचाराने मी हबकले ते हबकलेच.

सगळ्यात मोठा धक्का आबांचा होता. आबा हसायचे थांबले. मे महिन्यात मी सुट्टीला घरी आले तर पडवीत भिंतीकडे तोंड करून दोर वळत बसलेला एक म्हातारा दिसला. हे आपले आबा असं मला कुणीतरी सांगावं लागलं. मध्यंतरी त्यांना ताप येऊन गेला होता. गोळ्यांनी ताप उतरला, पण त्या तापात शिरलेली एक भीती उतरेना. जेवताना नाचणीची भाकरी कुळथाच्या पिठल्यात बुडवायची आणि तशीच हातात धरून बसायचं. मग आईला विचारायचं, "सूनबाई, मला खांदा कोण देईल गो?" माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. उरला एक बाळूकाका, तो मुंबईला. "बाळू एक झाला. बाकीचे कुठनं आणायचे? तिरडी काय एका बाजूनं उचलतात?" आई म्हणायची, "आबा, भाकरी खा." 

आणि मग बाळूकाका आला, डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन. मुंबईत वाडीच्या माणसांची एक खोली होती. सगळे चाकरमाने तिथे पथाऱ्या टाकायचे. वाळीत टाकल्याची बातमी तिथे पोहोचली आणि काकाची पथारी जिन्यात आली. काका फोर्टातल्या एका जुन्यापुराण्या क्लबात वेटर होता. तिथल्या बटलरने दया येऊन त्याला वाचायच्या खोलीत झोपायची परवानगी दिली. त्या खोलीत वाचणारे मेंबर कधीच देवाघरी गेले होते आणि वाळवीने मेंबरशिप घेतली होती. शेवटी क्लबाने पुस्तकं काढून टाकायची ठरवली, तेव्हा उशाला घेऊन घेऊन माया जडलेली पुस्तकं काका घरी घेऊन आला. "सोनेरी अक्षरं हायत," तो म्हणाला. "कायतरी कायद्याची असतील. भांडणात कामाला येतील." मी एक लाल कापडी बांधणीचं उघडलं, दोन पानं चाचपडत वाचली, आणि माझ्या तोंडून फुर्रकन हसू सुटलं. आईने लाटणं खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं, जसं मी घरात साप सोडला होता. आमच्या घरात हसू ही आता तशीच वस्तू होती.

ती इंग्रजांची विनोदी कादंबरी होती. काकाने उशाला घेतलेली सगळी ट्रंक तसल्याच पुस्तकांची निघाली. मला धक्का बसला तो याचा, की इंग्रज हसतात. शाळेच्या पुस्तकातला इंग्रज व्यापाराला यायचा, फितुरी करवायचा, सही घ्यायचा आणि राज्य खालसा करायचा. हा लाल पुस्तकातला इंग्रज भोपळ्याला गाणं म्हणून दाखवत होता. एक लहानसं खेडं. तिथे दरवर्षी भाजीपाल्याचं प्रदर्शन. त्याचे अध्यक्ष एक साहेब, ज्यांचा भोपळा काही केल्या पहिला येत नाही. त्यांच्या घराचा कारभार बघणारी एक बहीण, जी नुसत्या भुवया उचलून नोकरांना पळवते. एक भाचा, जो दोन दिवसांसाठी आलाय आणि कुणी जा म्हणत नाही म्हणून वर्षभर राहिलाय. आणि शेजारी एक निवृत्त कर्नल, ज्याच्याशी साहेबांचं कुंपणावरून भांडण, म्हणून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कुणी मरत नाही, कुणी उपाशी नाही, जगबुडी व्हायची तर ती भोपळ्याला कीड लागल्याने. मी आजवर टोपलीभर पुस्तकं वाचली, पण संकट एवढंएवढंसं ठेवून माणसाला एवढं मोठं दाखवायची ती जादू मला दुसरीकडे सापडली नाही. आणि वाक्यं कशी, तर आंबेनळी घाटातल्या एसटीसारखी. वळण घेत, घेत, घेत जातात, आपण म्हणतो आता संपलं, आता दरीतच. आणि शेवटच्या वळणावर ड्रायव्हर मागे वळून शांतपणे विचारतो, सुटे आहेत का.

पापडांचे दिवस होते. आमच्याकडे पापड एका घरात होत नसतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या बाया पोळपाट-लाटणी घेऊन गोल बसतात आणि लाटता लाटता गावातल्या माणसांचेही पापड लाटून होतात. त्या वर्षी आई उडदाच्या पिठाचा डोंगर घेऊन एकटी बसली होती. एका लाटण्याचा आवाज किती केविलवाणा असतो म्हणून सांगू. तिला सोबत म्हणून मी खळ्यात बसून ते पुस्तक मोठ्याने मराठीत सांगायला लागले. माझं इंग्रजी तेव्हा गळक्या पन्हळीसारखं. जेवढं आत आलं ते सांगायचं, जेवढं गळलं ते पदरचं घालायचं. साहेबांना मी खोताचा रुबाब दिला, त्यांच्या देवळातल्या पाद्र्याला गुरव केलं. काकडी घातलेला पाव मात्र तसाच ठेवला, कारण त्याला आपल्याकडे काहीच नव्हतं.

खळ्याला लागून दगडांचा गडगा, आणि गडग्याच्या पलीकडे पारूकाकीचं परसू. पारूकाकी आईची लहानपणापासूनची मैत्रीण, पण तिच्याच घरचे गावकीच्या बैठकीत बसणारे, म्हणून शिमग्यापासून तिनेही तोंडाला कुलूप लावलं होतं. पहिल्या दिवशी ती कोंबडीला दाणे टाकायला आली आणि टाकतच राहिली. त्या कोंबडीने त्या दुपारी इतकं खाल्लं, की संध्याकाळी तिला उचलून खुराड्यात ठेवावं लागलं. मी साहेबांच्या न्याहारीचं सांगत होते. काकडी आणि पाव आल्याबरोबर पलीकडून आवाज आला, "काय गो कोंबडे, काकडी पावात घालतात होय? त्यापरीस कोशिंबीर नाय का करायची?"

शिमग्यानंतर वाडीतल्या माणसाचा पहिला आवाज. आईचं लाटणं थांबलं. मग आईने, माझ्या गरीब आईने, दाव्याला बांधलेल्या म्हशीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "कोशिंबीर पातळ व्हते गो म्हशी. सायबाच्या कपड्यांवर सांडंल."

"व्हय गो कोंबडे, ते पन खरंच."

वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचं नाही असा नियम होता. जनावरांशी बोलायचं नाही असा नव्हता. दुसऱ्या दिवशी पारूकाकीच्या परसात आणखी दोघी काटक्या गोळा करायला आल्या, जिथे काटक्या नव्हत्या. आठवड्याभरात गडग्यापलीकडे अशी गर्दी व्हायला लागली, की शिमग्याला तेवढी नसायची. कुणी आठळ्या भाजायला घेऊन आलेलं, कुणी फणस फोडायला, एक जण तर दाढी करायला. प्रत्येकाने तोंडी लावायला एक जनावर आणलेलं. बोकड, मांजर, पोपटाचा पिंजरा. आमच्याकडे पाठ, कान आमच्याकडे, आणि हसू आलं की बोकडाच्या पाठीत तोंड खुपसायचं. आठळ्यांच्या खमंग वासात मी वाचत सुटायचे. एक दिवस मी सांगितलं, की तो साहेब आणि तो कर्नल एकमेकांशी बोलत नाहीत, पण कुंपणापाशी येऊन आपापल्या कुत्र्यांना उद्देशून भांडतात. मग पारूकाकी हळूच म्हणाली, "कोंबडे, यांना आपलं कुनी सांगितलं गो?"

हे पुस्तकात होतं की माझ्या पदरचं, हे आज ठरवता येत नाही. पुढे एका पुरात गांधारी-सावित्रीचं पाणी माझ्या महाडच्या घरात छातीपर्यंत आलं, तेव्हा त्या लाल पुस्तकाची मधली पानं चिकटून त्यांची वीट झाली. ज्यांना शंका असेल त्यांनी यावं आणि वीट उघडून बघावी.

एका संध्याकाळी, उन्हं उतरताना, गडग्यापलीकडची गर्दी दुभंगली आणि भिकूतात्या आले. धोतर चापून नेसलेलं, सोगा कमरेला घट्ट खोवलेला; शिमग्यापासून ते तसंच नेसायचे आणि थोडे आखडून चालायचे. बरोबर त्यांचा बैल. कोण बसलंय, किती बसलंय हे बघायला आले असावेत. कुणी हललं नाही, कारण हलणं म्हणजे बसल्याची कबुली. तात्या बैलाची शिंगं कुरवाळत उभे राहिले. पडवीत आबांचा दोर वळायचा थांबला. मी पान उलटलं, पुढचा मजकूर नजरेखालून गेला आणि मी बोट त्या ओळीवर दाबून धरलं.

प्रदर्शनाचा दिवस. मांडव, टेबलं, चहाची कपबशी, केक, सगळं गाव जमलेलं. अध्यक्ष साहेब भाषणाला उभे राहणार. उभं राहायच्या आधी शर्टाचं टोक बाहेर आलंय असं वाटून ते हळूच टेबलाखाली हात नेतात आणि जे हाताला लागेल ते तुमानीत खोचतात. ते शर्टाचं टोक नसतं. ती टेबलावरची चादर असते. साहेब रुबाबात बक्षीस द्यायला निघतात, आणि त्यांच्यामागून चहाचं सगळं साम्राज्य निघतं. कपबश्या, केक, गुरवाची टोपी. आणि त्या वजनाने, सगळ्या गावासमोर, साहेबांची तुमान.

मी आईकडे बघितलं. तिला पुढचं माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं; ती पुटपुटली, "दिवा लावायची वेळ झाली, कुंदे. राहू दे आता." राहू देता आलं असतं. पण समोर तात्या होते, पाठीमागे आबा होते, आणि मधे मी. थांबले असते तर का थांबले हे सगळ्यांना कळलं असतं. मी वाचलं. चादर वाचली, कपबश्या वाचल्या, टोपी वाचली. तुमान वाचली.

पलीकडचा बोकड चघळायचा थांबला, खोटं वाटत असेल तर राहू दे. चादर इंग्लंडातली होती, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे धोतर होतं हे मला दिसत होतं. तात्यांचा हात बैलाच्या शिंगावर आवळला गेलेला. आत चड्डी कुठली होती हे पुस्तकात दिलं नव्हतं आणि मीही दिलं नाही. तेवढी अक्कल होती.

आणि तात्या बोलले. बैलाला नाही. बैलाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. गडग्यावरून सरळ माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मंग? मंग तो काय बोलला?"

तो प्रश्न गोष्टीतल्या साहेबाबद्दल नव्हता. शिमग्यापासून हा माणूस त्याचंच उत्तर शोधत होता. सगळ्या गावासमोर तसं उभं राहिल्यावर बोलायचं तरी काय असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही. आज, तात्यांच्या त्या वयाच्या पुढे आल्यावर कळतं. तेव्हा मी फक्त पुढची ओळ वाचली. साहेबांनी पायाशी पडलेल्या कपबश्यांकडे बघितलं, पायाशी पडलेल्या तुमानीकडे बघितलं, टोपी काढून सगळ्या बायामाणसांना वाकून नमस्कार केला, आणि म्हणाले, "चहा तयार आहे."

मग तात्यांच्या नाकातून एक आवाज आला, बैल फुरफुरतो तसा. मला वाटलं बैलच. मग त्यांचे खांदे हलले. मग भिकूतात्या, ज्यांच्यापुढे कोंबडा खाकरायचा, ते गडग्यावर कोपरं टेकून असे हसले, असे हसले, की वरचे दोन दगड आमच्या खळ्यात पडले. त्याबरोबर सगळी वाडी फुटली. शिमग्यापासून कोंडलेलं, बोकडांच्या पाठीत दाबलेलं सगळं हसू एकदम सुटलं. आणि त्या सगळ्यावर माझ्या पाठीमागून तो आवाज आला. कशेडीचा ट्रक. आई गर्रकन वळली. आबा दोर टाकून, खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होते. आई मात्र हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

हसू ओसरलं तेव्हा पारूकाकीची कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली. "कोंबडे, तात्या बोलले गो. जनावराशी नाय, मानसाशी."

झालं. जो बोलेल तो वाळीत, हा तात्यांचाच नियम. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, मग आपापली जनावरं उचलून गुपचूप पांगली. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आबा म्हणाले, "आता माझ्यापायी भिकूबी गेला."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर पालखी बसवायच्या सहाणेवर बैठक बसली. आम्हाला बोलावणं नव्हतं, पण बाळूकाका जवळच्या आंब्यावर चढून बसला होता, आणि तिथे झालेलं त्याने इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच आंब्यावर होते असं मला वाटतं. तात्या उभे राहिले. म्हणाले, "मी बोललो. मी वाळीत. नियम तो नियम."

एक जण म्हणाला, "तात्या, तुमी बोललात, पन आमी हसलो. हसणं बोलण्यात येतं का नाय ते ठरवा आधी."

"येतं," तात्या म्हणाले. "हसण्यावरूनच तर आबांना टाकलाय. हसणं बोलण्याच्या वर येतं."

"मंग सगळेच वाळीत की."

"कोन नव्हता काल? हात वर करा."

एकच हात वर झाला. सदू गुरव. तो पोलादपूरच्या बाजाराला गेला होता. सगळी वाडी सदूकडे बघायला लागली आणि सदूला घाम फुटला. कारण हिशेबाने आता गाव म्हणजे सदू, आणि बाकीचे सगळे गावाबाहेर. सगळ्यांशी बोलणं बंद करून वाडीचं कामकाज त्याने एकट्याने बघायचं होतं.

"मला नको," सदू रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी एकटा पालखी कशी नाचवू? चार दांड्या, मी एक. आणि भांडू कोनाशी?" मग म्हणाला, "काल काय झालं ते मलाबी कोनी तरी सांगा. बाजाराला गेलो तर येवढी शिक्षा?"

कुणीतरी त्याला 'चहा तयार आहे' पर्यंत सांगितलं. सदू हसला. आणि गाव उरलंच नाही.

तिन्हीसांजेच्या आधी तात्या आमच्या खळ्यात आले, मागोमाग सगळे. आबांनी आधीच नारळ काढून ठेवला होता. तात्यांनी तो देवीचं नाव घेऊन फोडला, एक वाटी स्वतः ठेवली, एक आबांच्या हातात दिली.

"आबा, परत हसाल?"

"धोतर सुटलं तर हसणार, भिकू. खोटं कशाला बोलू?"

तात्यांनी कमरेचा सोगा चाचपला. "मंग नाडीची तुमान शिवतो," ते म्हणाले.

गडग्याचे पडलेले दगड कुणी पुन्हा चढवले नाहीत. तिथून पारूकाकी पोळपाट घेऊन आत आली, आईच्या शेजारी बसली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "तुझे पापड जाड झालेत गो." आई म्हणाली, "एकटीच्या हातचे तसेच व्हतात." मग लाटण्यांचा आवाज वाढत गेला, आणि त्या आवाजाएवढं गोड संगीत मी नंतर कुठल्या सभागृहात ऐकलं नाही.

आता मी महाडला राहते. नात मुंबईहून कोकण रेल्वेने वीरला उतरते, रिक्षाने घरी येते आणि कानात ती यंत्रं घालून पडून राहते. मागच्या सुट्टीत ती एकटीच खदखदून हसायला लागली. मी घाबरून विचारलं तर म्हणाली, "आजी, एक जुनी इंग्लिश कॉमेडी ऐकतेय. यात ना, एक अंकल आहे..." आणि तिने जे सांगितलं ते दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातलं होतं, पण त्यातही एक मानी माणूस होता, एक सगळं गाव होतं आणि एक घसरलेला कपडा होता. मी तोंड उघडं टाकून बसले. त्या पुस्तकांतलं इंग्लंड म्हणे कधी नव्हतंच तसं; मोठ्या घरांची हॉटेलं झाली, साहेब गेले. गेले असतील. सुटलेलं धोतर मात्र जगात कायम आहे, आणि त्यापुढे उभं राहून काय म्हणायचं ते त्या लोकांनी लिहून ठेवलंय.

आबा त्यानंतर खूप वर्षं जगले. खांद्यांची काळजी मिटल्यावर मरायची घाई कशाला, असं म्हणत जगले. गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी महाडला आले होते. सासरच्या शिस्तशीर माणसांना घेऊन वाडीवर पोहोचले, तर खळ्यात पाय ठेवायला जागा नाही. पहिला खांदा बाळूकाकाचा, दुसरा भिकूतात्यांचा. तात्याही म्हातारे झाले होते, पण ऐकेनात. एरवी तुमान घालणारे तात्या त्या दिवशी मानाने धोतर नेसून आले होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, गडग्यापर्यंत जातात. मी तिथे, त्या पडक्या भागात उभी राहून बघत होते.

ओढ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर करवंदीची जाळी आहे. तिच्या काट्याने तात्यांचा सोगा धरला. तात्या पुढे गेले, सोगा मागे राहिला. दोन्ही हात तिरडीच्या बांबूला. सगळी प्रेतयात्रा जागच्या जागी थांबली. मागे लांबवर राहिलेल्या माझ्या सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मी पदर तोंडात कोंबला.

तात्यांनी खाली बघितलं नाही. बांबू सोडला नाही. समोर ओढ्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "चहा तयार हाय."

आणि माणसं हसली. खांदा देणारी, मागून चालणारी, मडकं धरलेली, सगळी. माझ्या सासरी आजवर ही गोष्ट धक्का म्हणून सांगतात, की या बाईच्या माहेरी प्रेत नेताना हसतात, आणि हसणाऱ्यांचे खांदे हलले म्हणून तिरडी हलली.

ते लोक लांब उभे होते. मी गडग्यावर होते, मला स्वच्छ दिसत होतं. तिरडी आधी हलली. खांदे मागाहून.